शुद्धीत असल्याचा दाखला

अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, वेड्यांचे गमतीदार किस्से लिहा." मी म्हटलं, माझ्या सगळ्या नोकरीत वेड्यांनी मला फारसं हसवलं नाही. जे काही हसवलं ते शहाण्यांनी, आणि घाबरवलंही त्यांनीच. मग ते म्हणाले, तेच लिहा. म्हणून लिहायला बसले आहे. सुरुवातीला हसू आलं तर हसून घ्या, पुढे मला ते जमेल असं वाटत नाही.

यवतमाळच्या एका सरकारी दवाखान्यात मी मानसोपचाराची डॉक्टर होते. आता निवृत्त होऊन जवळच्याच लोहारा गावात घर बांधून राहते. खऱ्या रुग्णांविषयी मी कधी लिहिणार नाही, त्यांनी माझ्याशी बोललेलं माझ्यापाशीच राहील. इथे लिहायचं आहे ते दाखल्यांविषयी. आमच्या ओपीडीबाहेर ठरलेल्या दिवशी एक वेगळीच रांग लागायची. त्या रांगेतल्या कुणालाही गोळ्या नको असत, त्यांना हवा असे कागद. हा माणूस मनाने ठीक आहे, किंवा नाही, असं कुणीतरी सही करून सांगितल्याशिवाय त्यांचं पुढचं काम अडलेलं असे. कुणाला कोर्टाने पाठवलेलं, कुणाला नोकरीच्या ठिकाणाहून. अपघातानंतर पुन्हा स्टेअरिंग धरू पाहणारा ड्रायव्हर, लांब रजेनंतर शाळेत रुजू व्हायला निघालेली शिक्षिका, भरतीतली पोरं, घटस्फोटाच्या दाव्यातली जोडपी.

भरतीच्या पोरांची एक आठवण अजून हसवते. शाईचे डाग दाखवून "यात काय दिसतं" विचारायची एक जुनी चाचणी असते. बरोबर-चूक असं काही नसतं तिच्यात. एका वर्षी जे पोरगं येई ते डाग बघण्याआधीच "फुलपाखरू" म्हणून मोकळं होई. चौकशी केली तर कळलं, कोण्या क्लासवाल्याने सांगून ठेवलं होतं की फुलपाखरू म्हटलं की पास. एकाने तर मी कोरा कागद पुढे केला तरी फुलपाखरूच सांगितलं. मी त्याला म्हटलं, बाबा, यात मला काहीच दिसत नाही. तो गंभीरपणे म्हणाला, "उडून गेलं असन जी."

एक गृहस्थ बंदुकीच्या परवान्यासाठी आले होते. रानडुकरं वावर, म्हणजे शेत, उकरतात म्हणून बंदूक हवी होती. मी विचारलं, राग येतो का? म्हणाले, येतो ना, राग येतो म्हणून तर बंदूक मागून राह्यलो. मी पुढे विचारलं, राग डुकरांचाच येतो का? ते बराच वेळ विचार करून म्हणाले की शेजाऱ्याचाही येतो, पण त्याच्यासाठी काठी पुरते. त्यांचा दाखला मी दिला नाही. आजही ते मला बाजारात भेटले की तोंड फिरवतात.

आणि एक नवरा आपल्या बायकोला घेऊन आला होता. कोर्टात सिद्ध करायचं होतं की ती मनोरुग्ण आहे. काय त्रास आहे विचारल्यावर म्हणाला, "मी बोललो की उत्तर देते." मी बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "हे इचारतेत म्हनून देतो जी." मी तिथल्या तिथे लिहून दिलं की बाई पूर्ण ठीक आहे. नवऱ्याविषयी लिहायची तीव्र इच्छा झाली होती, पण कोर्टाने त्याच्याबद्दल विचारलं नव्हतं.

असं ते काम. हसत-खेळत चालायचं, आणि मला त्याचा अभिमानही होता. वाटायचं, खोटं बोलणारा माणूस माझ्या टेबलापलीकडे फार वेळ टिकत नाही. वेडाचं सोंग घेणाऱ्यांना तर मी दारातून आत येतानाच ओळखायची. ज्याचं डोकं खरंच बिघडलेलं असतं तो "माझं डोकं बिघडलं" असं सहसा सांगत नाही. दोन अधिक दोन पाच म्हणत नाही, तो तुमच्या प्रश्नाकडेच लक्ष देत नाही. सोंगाड्या मात्र सोपा प्रश्न मुद्दाम चुकवतो आणि चुकवण्यापुरतं बरोबर उत्तर त्याला माहीत असावं लागतं. पण शहाणपणाचं सोंग कुणी घेऊन येईल, तेही दुसऱ्या माणसाच्या नावावर, याची मला कल्पना नव्हती. ते पाहिलं त्या दिवशी मी हादरले. त्यानंतर जे पाहिलं त्यातून अजून पुरती बाहेर आले नाही.

राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातलं हे कुटुंब. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. एक म्हातारे गृहस्थ, त्यांची बायको आणि पुतण्या असे तिघं आले. पुतण्या प्रफुल्ल पुढे होऊन बोलत होता. म्हणाला, हे माझे काका नामदेवराव. काकांना मुलगा नाही, एकच मुलगी, ती हिंगणघाटकडे दिलेली. काकांना आपलं वावर माझ्या नावाने बक्षीसपत्र करून द्यायचं आहे, आणि वय झाल्यामुळे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात शुद्धीत असल्याचा दाखला मागताहेत. यात वावगं काही नव्हतं. असे दाखले मी कितीतरी दिले होते. उद्या कुणी कोर्टात जाऊन म्हणू नये की म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नसताना अंगठा घेतला, म्हणून हा बंदोबस्त.

अशा वेळी आम्ही काय बघतो ते साध्या शब्दांत सांगते. माणसाला दिवस, जागा, माणसं यांचं भान आहे का. आत्ता सांगितलेलं थोड्या वेळाने आठवतं का. आपली मालमत्ता काय, ती कुणाला देतोय, दिल्यावर ती परत मिळणार नाही आणि कुणाचा हक्क जाणार आहे, हे त्याला कळतं का. आणि तो स्वतःच्या इच्छेने देतोय का. एवढं असलं की झालं.

म्हातारबुवा तयारीचे होते. आधार कार्ड टेबलावर ठेवलं. फोटो त्यांच्यासारखा दिसत होता, म्हणजे आधारवरचा फोटो जेवढा कुणासारखा दिसतो तेवढा. मी आपली नेहमीची उजळणी सुरू केली. वार, महिना, कोणता सण होऊन गेला, शंभरातून सात वजा करत जा. सगळं बिनचूक. "कापूस, कुलूप, चिमणी" हे तीन शब्द सांगून मी दुसऱ्या गप्पा काढल्या आणि मग अचानक विचारलं. त्यांनी तिन्ही सांगितले, वर म्हणाले की कुलूप मधात होतं. वावर कुठं, धुऱ्याला, म्हणजे बांधाला, धुरा कुणाचा, विहीर कोणत्या अंगाला, सगळं घडाघडा. बायकोचा हक्क जाईल हे कळतं का विचारल्यावर म्हणाले, "पुतन्या पाहीन ना जी तिले." मी मनात म्हटलं, या वयात माझं डोकं इतकं चाललं तरी पुष्कळ झालं. दाखल्याचा कागद मी पुढे ओढला होता.

बायको, वच्छलाबाई, दाराजवळच्या कोपऱ्यात उभी होती. खुर्ची दिली तरी बसली नाही. पदर नाकापर्यंत ओढलेला आणि तोंड भिंतीकडे. खेड्यातल्या बाया सरकारी खोलीत बुजतात, तसंच असेल म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं. मग म्हातारबुवा उठायला लागले आणि त्यांची काठी घरंगळून तिच्या पायाशी गेली. मी सहज म्हटलं, "बाई, काठी द्या आणि जरा हात धरा त्यांचा."

तिने काठी उचलली. ती त्यांच्या हातात दिली नाही. चार पावलं अंतरावर वाकून जमिनीवर ठेवली, त्यांच्याकडे सरकवली आणि पुन्हा मागे जाऊन भिंतीला चिकटली. तेव्हा मला दिसलं की तिच्या पायात चपलाही नव्हत्या. दोघं पुरुष पायताणं घालून आत आले होते आणि तिच्या चपला दाराबाहेर काढलेल्या होत्या.

माझं माहेर दिग्रसजवळचं. माझी आई तिच्या भासऱ्यासमोर, म्हणजे माझ्या मोठ्या काकांसमोर, अशीच वागायची. पायातलं काढायची, पदर ओढायची, चहाचा कप त्यांच्या हातात कधी द्यायची नाही. ओट्यावर ठेवून बाजूला व्हायची. नवऱ्याच्या धाकट्या भावाची थट्टा चालते, नवऱ्याला चार शब्द सुनावलेले चालतात, पण नवऱ्याच्या मोठ्या भावाला भावजयीचा हातसुद्धा लागायचा नाही, अशी ती रीत. ही बाई ज्याच्यापासून अंग चोरत होती तो तिचा नवरा असणं शक्य नव्हतं.

मी कागद तसाच ठेवला. आवाज शक्य तेवढा साधा ठेवून म्हटलं की नियमाप्रमाणे बाईंशी एकटीने बोलावं लागेल, तुम्ही दोघं बाहेर बसा. असा काही नियम नव्हता. प्रफुल्ल थोडा घुटमळला, तिच्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि गेला. मी दाराला कडी लावली आणि विचारलं, "बाई, हे तुमचे भासरे आहेत ना?"

तिने पदर मागे घेतला. चेहरा अगदी शांत होता, मला वाटलं होतं तसा बुजलेला मुळीच नव्हता. तिने मानेने हो म्हटलं. मग हळूहळू सगळं कळलं. खरे नामदेवराव घरी खाटेवर होते. लकव्याने उजवं अंग गेलेलं आणि वाचा गेलेली. इथे आलेले म्हातारबुवा म्हणजे त्यांचे थोरले बंधू गुलाबराव, प्रफुल्लचे वडील. दोघा भावांचा चेहरामोहरा एकसारखा. बेत असा होता की डॉक्टरची परीक्षा गुलाबरावांनी द्यायची आणि कार्यालयाचा माणूस घरी आला की अंगठा नामदेवरावांचा लावायचा. अंगठा खरा, डोकं उसनं.

मी इतकी हादरले होते की विचारावंसं वाटलं तेच विचारलं, तुम्ही आल्याबरोबर का नाही बोललात? ती म्हणाली, प्रफुल्लने बजावून ठेवलं होतं. दवाखान्यात एक शब्द बोललीस तर काकाला पुन्हा गाडीत घालून उपचाराला यवतमाळला नेणार नाही. गाडी त्याचीच, आणि नवऱ्याला उचलून नेणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. तिने शब्द दिला होता की तोंड उघडणार नाही.

"पण तुम्ही अजूनही ही रीत कशी काय पाळता?" मी विचारलं. "आजकाल कोण करतं हे?"

"कोनी नाई करत जी," ती म्हणाली. "मी बी नाई करत. भासऱ्याच्या हातात चा देतो, समोर बसून बोलतो. डोक्यावर पदर घेऊन लय वर्सं झाले. आज मुद्दाम घेतला. म्हनलं, डॉक्टर बाईमानूस हाय. समजन."

मी तिला तपासत नव्हते, तिने मला तपासलं होतं. माझ्या जागी नागपूर-मुंबईकडचा कुणी तरुण डॉक्टर असता तर? किंवा ती काठी घरंगळलीच नसती तर? एका बाईने आपलं सगळं आयुष्य एका अशा खुणेवर लावलं होतं, जी ओळखणारी माणसं आमच्याकडेही आता संपत आली आहेत. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली की आजवर दिलेल्या दाखल्यांत किती खुणा माझ्या समोरून गेल्या असतील.

मी विचारलं, तुम्हाला काय हवं आहे? तिने एका दमात सांगितलं. "त्याईचं डोकं ठिकानावर हाय मॅडम. बोलता येत नाई एवढंच. ह्या लोकाईले वाटते, वाचा गेली म्हनजे अक्कल गेली, म्हनून हे सोंग आनलं. तुमी घरी या. त्याईले इचारा. ते वावर आमी दोघांनी काढलं हाय, दगडं वेचून वेचून. ते मले उघड्यावर नाई टाकनार."

बाहेर आल्यावर मी गुलाबरावांना नावाने हाक मारली. ते "ओ" देऊन उभे राहिले आणि मग खाली बसले. हा गुन्हा आहे, तुरुंगात जाल, हे मी रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. माझा आवाज मोठा आहे आणि त्या दिवशी तो मी वापरला. गुलाबराव हात जोडून एवढंच म्हणत राहिले की भावाच्याच मनातलं करत होतो, वाईट काही केलं नाही. मला ते ऐकून अधिकच चीड आली. मी वरिष्ठांना कळवलं, वरिष्ठांनी पुढे कळवलं. पोलिसांनी बापलेकाला बोलावून घेतलं. मात्र वच्छलाबाईने तक्रार द्यायला साफ नकार दिला, कारण तिला त्याच घरात परत जायचं होतं, म्हणून पोलिसांनी दोघांना समज देऊन सोडलं. दरम्यान तिची मुलगी रेखा हिंगणघाटहून आली आणि तिने निबंधकाच्या कार्यालयात अर्ज दिला की वडिलांची खरी तपासणी झाल्याशिवाय कोणताही कागद नोंदवू नये. तिथून आमच्या दवाखान्याला पत्र आलं, आणि घरी जाऊन तपासायचं काम माझ्याकडेच आलं. मला फार बरं वाटलं. प्रामाणिकपणे सांगते, मी त्या गावाला निघाले ती लढाई जिंकायला निघाल्यासारखी.

कापूस वेचणीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वावरं पांढरी झालेली, बाया ओटीत कापूस भरत होत्या. गाव रिकामं होतं. दवाखान्याच्या जीपमध्ये माझ्यासोबत एक अनुभवी सिस्टर होत्या, त्याच भागातल्या. घरासमोर प्रफुल्ल हात बांधून उभा होता. गुलाबराव आलेच नव्हते.

नामदेवराव पुढच्या खोलीत खाटेवर होते. दाढी केलेली, धुतलेला सदरा, उशीला धुवट खोळ. लकव्याच्या माणसाला पाठीवर जखमा होतात, यांच्या पाठीवर एक ओरखडा नव्हता. मला बघताच त्यांनी डाव्या हाताने बायकोला खूण केली, खुर्ची आण. मग दुसरी खूण, पाणी आण. पाहुण्याला आधी पाणी विचारणारा माणूस शुद्धीत नाही असं कोण म्हणेल? वच्छलाबाईने माझ्याकडे पाहिलं, बघा, म्हणत होते ना मी, अशा नजरेने. मग मी सगळ्यांना बाहेर काढलं, तिलाही. खोलीत ते, मी आणि सिस्टर.

वाचा गेलेल्या माणसाची परीक्षा घेता येते, फक्त वेळ लागतो. हो म्हणायचं असेल तर माझा हात दाबा, नाही असेल तर हात हलवा, असं ठरवलं. विचारलं, तुम्ही बाई आहात का? त्यांनी हात हलवला आणि अर्ध्या तोंडाने हसले. हे यवतमाळ आहे का? नाही. गुलाबराव तुमच्यापेक्षा लहान आहेत का? नाही. मोठे आहेत का? हात दाबला. एकच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारला तर उत्तरही उलटं येत होतं, म्हणजे नुसतं सवयीने हो-हो चाललेलं नव्हतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी आजच्या तारखेवर बरोबर बोट ठेवलं. वावर दिल्यावर परत मिळतं का? नाही. दिल्यावर वच्छलाबाईंचा त्यावर हक्क राहतो का? नाही. म्हणजे त्यांचा हक्क जातो ना? त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा तेच काय विचारते अशा कंटाळ्याने, आणि हात दाबला. एवढं स्वच्छ डोकं मी त्या वर्षात ओपीडीत पाहिलं नव्हतं. मला आनंद लपवता येत नव्हता.

रेखाकडून मी घरातल्यांचे फोटो मागवून ठेवले होते. बायकोचा, मुलीचा, पुतण्याचा, आणि कुणालाच द्यायचं नसेल तर दाखवायला एक कोरा कागद. चारही त्यांच्यापुढे पांघरुणावर मांडले आणि विचारलं, वावर कुणाला द्यायचं आहे?

त्यांनी हात पुतण्याच्या फोटोवर ठेवला.

मला वाटलं, हात चुकून पडला. फोटोंची जागा बदलली आणि पुन्हा विचारलं. हात फोटोंवरून फिरत गेला आणि पुन्हा पुतण्यावर थांबला. लकव्याच्या काही माणसांचा मेंदू एकाच हालचालीत अडकून पडतो, तेच ते करत राहतो. तसं असेल म्हणून मी मध्ये दुसरे प्रश्न घातले. आज सकाळी तुम्हाला कुणी भरवलं? बायकोचा फोटो. हिंगणघाटला कोण असतं? मुलीचा फोटो. गाडीतून दवाखान्यात कोण नेतं? पुतण्याचा. वावर कुणाला द्यायचं? पुतण्याचा. अडकलेलं काही नव्हतं. सिस्टर माझ्याकडे बघायच्या थांबल्या होत्या.

कुणी धाक दाखवला का? नाही. भावाने सांगितलं का? नाही. लकव्याच्या आधीच ठरवलं होतं का? हात दाबला. मी शेवटचा प्रश्न विचारला, तो विचारावाच लागतो. तुमच्यानंतर पुतण्याने बायकोला घराबाहेर काढलं तर तिच्याजवळ काही राहणार नाही, हे तुम्हाला कळतं? त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता हात हलवतील. थोड्या वेळाने डोळे उघडले आणि माझा हात दाबला, आधीसारखाच.

पुढचं मी विचारायला नको होतं, दाखल्यासाठी ते लागत नाही. पण मला राहवलं नाही. मी म्हटलं, का हो? का?

त्यांनी डावा हात उचलून कसाबसा उजव्या खांद्यापर्यंत नेला आणि खांद्यावर काहीतरी पेलून धरल्यासारखा तिथे ठेवला. मग हवेत एक फेरा काढला आणि पुतण्याच्या फोटोवर बोट टेकवलं. मला कळलं नाही. सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "मडकं, मॅडम. सरणाभोवती मडकं कोन धरन, म्हनते."

मी त्यांना म्हटलं की आजकाल मुलीही धरतात, आमच्या यवतमाळात मी स्वतः पाहिलं आहे, तुमची रेखा धरेल. हे बोलायचा मला काहीच अधिकार नव्हता. त्यांनी हात हलवला. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा हलवला. चीड, दया, काय वाटत होतं ते मला सांगता येत नाही. गुलाबराव माझ्या ओपीडीत हात जोडून खरं बोलत होते, हे तेव्हा ध्यानात आलं. त्यांनी सगळं खोटं केलं होतं आणि मजकूर तेवढा खरा होता. ज्या बाईने या माणसाच्या पाठीवर ओरखडा येऊ दिला नव्हता, जिने त्याच्या भरवशावर माझ्यासमोर पदर ओढला होता, तिला तो पूर्ण शुद्धीत, समजून-उमजून, उघड्यावर सोडून देत होता. कायदा मला फक्त एवढंच विचारत होता की त्याला कळतं का. कळत होतं. भ्रम झाला असता तर बरं झालं असतं, असं डॉक्टर असून मला त्या खोलीत वाटलं.

दार उघडावंच लागलं. वच्छलाबाई आत आली. हातात भाताची पेज होती, त्यांच्या जेवणाची वेळ झाली होती. तिने विचारलं, "काय म्हनलं त्याईनं?" आत काय बोलणं झालं ते सांगायचं नसतं. मी फोटो गोळा करायला वाकले. पण एका फोटोवरचा हात त्यांनी अजून उचलला नव्हता.

तिने तो हात पाहिला. हाताखाली कुणाचा फोटो आहे तेही पाहिलं. नवऱ्याने तोंड भिंतीकडे वळवलं. तिने पेज खाली ठेवली, त्यांचा हात हळूच उचलून पांघरुणात घातला आणि पदराने त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यातली लाळ पुसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"लिवून द्या मॅडम. डोकं ठिकानावर हाय त्याईचं. मी तं तुमाले पयलेच सांगतलं होतं."

मी लिहून दिलं.